नावाने माशी, रूपाने मासोळी : प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाचा दिवाळीला आला होता, काल परत गेला. हिमाचलात तीर्थन नदीच्या काठी एका होमस्टेवर कामाला आहे. पाहुण्यांना ट्राउट (थंड पाण्यातला मासा) गरवायला नेणं हेही त्याच्याच गळ्यात. जाताना माझ्या टेबलावर एक डबी ठेवून गेला. आत पाच-सहा तयार फ्लाय (गरीवर केस-पिसं बांधून केलेलं नकली भक्ष्य), बारा रिकाम्या लांब दांड्याच्या गऱ्या (६ नंबर) आणि एक जुना फ्लाय रॉड भिंतीला टेकवलेला. "मामा, तुमचा हात बारीक तारेत चालतो. मार्चच्या आत बारा बांधून द्या."

तिकडे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते. म्हणजे माझ्या हातात साडेतीन महिने.

फ्लाय म्हणजे माशी, हे मला ठाऊक होतं. पण डबीतल्या या माश्या नव्हेत. ट्राउट लहान असतो तोवर पाण्यातले किडे खातो. ब्राउन ट्राउट अंगाने भरला की त्याला किड्यांत राम वाटत नाही, तो बारीक मासळीच्या मागे लागतो. त्याच्यासाठी गरीवर केस आणि पिसं बांधून पोहणारी मासोळी करायची, तिला स्ट्रीमर म्हणतात. नावाने माशी, रूपाने मासा. बायको म्हणाली, "आणि बांधणारा मोटर वायंडिंगवाला."

ही वही म्हणजे दुकानाच्या जॉब बुकाची मागची पानं. पुढे एचपी, गेज, टर्न; मागे गरी, केस, टर्न. बुधवारी मतदान आहे, रिक्षावरचा भोंगा सकाळपासून दारात. आज काही बांधणं शक्य नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

बांधताना गरी धरायला छोटा व्हाइस लागतो. ऑनलाइन किंमत बघितली आणि मोबाइल उपडा ठेवला. भंगारातल्या ड्रिल मशिनचा चक काढून लाकडी ठोकळ्यावर तिरका बसवला. गरी घट्ट धरतो, तक्रार नाही. फक्त चावी फिरवताना गरीचं टोक दर वेळी अंगठ्यात.

रात्री वाचलं की अमेरिकेत मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स नावाच्या बाई होत्या. त्या व्हाइस वापरतच नसत, गरी बोटांत धरून बांधायच्या. १ जुलै १९२४ रोजी स्वतःच्या स्ट्रीमरवर त्यांनी ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट काढला, म्हणजे तीन किलोच्या वर. त्यांचा 'ग्रे घोस्ट' हा नमुना इतकी वर्षं झाली तरी लोक बांधतात. मी एक गरी बोटांत धरून पाहिली. चकच बरा.

२४ नोव्हेंबर, रविवार

सामान जमवलं. परदेशी कृतींत पहिलं नाव हरणाच्या शेपटीचं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हरणाच्या केसाच्या वाटेला जायचंच नाही. आपला बोकड आहे की. मटणवाल्या चाचांनी दोन शेपट्या दिल्या, एक काळी, एक पांढरी. पांढरी देताना म्हणाले, "हे काय, जादूटोण्याला का?" चरबी खरवडली, आतून बोरॅक्स चोळला, केस रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतले. तरी वास आहेच. शेपट्या आधी माडीवर होत्या, मग पडवीत आल्या, आता विहिरीपाशी दोरीवर आहेत.

बाकी सगळं घरातलंच. शेजारच्या गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं. कोंबडीच्या पिसाच्या बुडाशी जी मऊ लव असते तीही घेतली. पाण्यात ती जिवंत असल्यासारखी हलते. डोळ्यांसाठी वॉश बेसिनच्या बुचाची मण्यांची साखळी: दोन मणी कापले की डोळ्यांची जोडी तयार. अंगावर गुंडाळायला ३६ गेजची तांब्याची तार, ती दुकानात ढीगभर. डोक्यावर आर्मेचरला लावतो तो लाल वॉर्निश. कल्ल्यांचा लाल रंग आपोआप साधला.

१ डिसेंबर, रविवार

पहिला बांधला. 'क्लाउझर मिनो' हा नमुना. बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीत बास माशांसाठी काढला, आता ट्राउटपासून समुद्री माशापर्यंत सगळ्यांना टाकतात. मेख डोळ्यांत आहे. जड डोळे दांड्याच्या वरच्या बाजूला बांधायचे. वजन वर गेलं की गरी पाण्यात उलटी होते, टोक आकाशाकडे. दगडांत अडकत नाही. तीर्थनचा तळ म्हणजे नुसते गोटे, त्यामुळे भाच्याला हेच हवंय.

हात बसला होता असं वाटलं. डोकं चोपून गोल, एकही टर्न दुसऱ्यावर चढलेला नाही. बादलीत टाकला तर दाढीच्या ब्रशासारखा फुगून तरंगला. केस जास्त.

जरा कमी करून दुसरा बांधला. तोही ब्रशच, लहान आकाराचा.

मला माझंच हसू आलं. एकतीस वर्षं मी मोटरचे स्लॉट, म्हणजे खाचा, तारेने भरतोय. वायंडिंगमध्ये रिकामी जागा दिसली की ती चूक. तार कमी भरली की मोटर तापते. हा हात रिकामं ठेवायला शिकलेलाच नाही.

८ डिसेंबर, रविवार

अष्टमी, भांगाची भरती. उधाणाला रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीचं पाणी गढूळ चहासारखं असतं, भांगाला ओढ कमी म्हणून गाळ खाली बसतो. माझी मासोळी मलाच दिसायला हवी, म्हणून हा दिवस.

फ्लाय रॉड फेकणं हे वेगळंच प्रकरण. आपल्या गरीला शिसं असतं, ते फेकलं की दोरी मागून जाते. इथे माशीला वजन जवळपास नाही, वजन जाड दोरीत. दोरी फेकायची, माशी पाठोपाठ येते. पण त्याआधी दोरी मागे पूर्ण पसरू द्यावी लागते, आणि मागे होतं सुरूचं बन. पहिली मासोळी अजून तिथेच आहे, माणसाच्या दीड उंचीवर.

दुसरी पाण्यात पडली. चांगली बुडाली, ओढली की नाचली. बाजूला राजिवड्याचे एक तात्या पाग (फेकायचं जाळं) सावरत बसले होते. जन्म खाडीत गेलेला माणूस. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो मेलेला मासा हाय रे. पोट वर हाय त्याचं."

काढून बघितली. खरंच की. माशाची पाठ काळी, पोट पांढरं. वरून बघणाऱ्याला तळाच्या काळोखात दिसू नये, खालून बघणाऱ्याला उजेडात दिसू नये. मी काळे केस दांड्याच्या बाजूला बांधले होते, जिथे नेहमीच्या गरीची पाठ असते. पण क्लाउझर उलटा पोहतो, मग काळी बाजू खाली. गरीच्या टोकाकडची बाजू हीच त्याची पाठ. कृतीत हे लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं.

तात्यांनी आणखी एक सांगितलं: बांगड्याच्या गरीला तेही पूर्वी कोंबड्याचं पांढरं पीस बांधायचे. "बांगडा खुळा. पण ह्या खाडीतलं मासं खुळं नाय."

२९ डिसेंबर, रविवार

चमक हवी होती. आईच्या विरलेल्या शालूची जर घेतली, मासोळीला दोन्ही कुशींना चार-चार धागे. उन्हात धरली तर ताजी तारली वाटते. सहा बांधून झाल्या.

आईला दाखवली. तिने हातात घेतली, उलटीसुलटी केली, म्हणाली, "माझ्या लग्नातली जर." बाकी काही बोलली नाही. उरलेला शालू मी परत ट्रंकेत ठेवला.

५ जानेवारी २०२५, रविवार

आजचा दिवस कामी आला, म्हणून सविस्तर.

दुकानामागे चिऱ्याची टाकी आहे, सबमर्सिबल पंप तपासायला. तिच्यात एक एचपीचा पंप सोडला, डिलिव्हरीचा पाइप टाकीच्या एका टोकाला पाण्याखाली आडवा बांधला. पाणी फिरू लागलं. मध्ये दोन चिरे टाकले, त्यांच्यामागे भोवरा तयार झाला. ही माझी तीर्थन! दोरीचा एक तुकडा काठीला बांधला आणि एकेक मासोळी प्रवाहात धरून बघत बसलो. दोन गिऱ्हाइकं येऊन बघून गेली. एकाने विचारलं, "पंपात मासा अडकला काय?"

त्याआधी पहाटे जेटीवर जाऊन बोय माशाची पिल्लं बघून आलो होतो. ती सरळ पोहतच नाहीत. दोन झटके, मग थांबतात. थांबली की किंचित तिरकी होतात, कूस चमकते, परत झटका. जखमी पिल्लू ओळखू येतं ते या थांबण्यावरून: ते जरा जास्त थांबतं आणि डोक्याकडून खाली जातं. शिकारी मासा झडप घालतो ती त्याच क्षणी.

आता टाकीत. बोकडाच्या शेपटीच्या केसांची मासोळी ओढली की छान दिसते, थांबवली की काडी. तीच शेपटाकडे कोंबडीची लव लावून बघितली. ओढ थांबल्यावरही लव हलत राहते, जणू श्वास चाललाय. पुढच्या मण्यांच्या वजनाने डोकं खाली जातं. हुबेहूब ते जखमी पिल्लू. रंग, जर, डोळे यांवर मी दीड महिना घालवला. जे काही आहे ते या दोन सेकंदांच्या थांबण्यात आहे.

मग कात्री घेतली. सहाही मासोळ्यांचे केस उपटून कमी केले. चौथ्यांदा उपटल्यावर आरपार दिसायला लागली, आणि टाकीत तीच सगळ्यांत माशासारखी दिसली. खऱ्या पिल्लाच्या अंगातूनही उजेड जातोच.

संध्याकाळी खाडीवर, खारफुटीच्या कडेने. तिसऱ्या फेकीला, थांबलेल्या दोरीत दणका. वीतभर तांबोशी. तात्या होतेच. "एवढीशी? सोड." सोडली. पण मासोळीचे निम्मे केस तिने नेले. तांबोशीचे दात काय ते कळलं. घरी आल्यावर गऱ्या गोड्या पाण्यात धुवायला विसरलो, त्याचा हिशेब पुढे येईल.

१९ जानेवारी, रविवार

आला हिशेब. दोन गऱ्यांना गंज. फेकून दिल्या. बाजारातून तशाच लांब दांड्याच्या शोधल्या, मिळाल्या त्या आकाराने एक नंबर मोठ्या. भाच्याला कळवलंय.

आज दुसरा नमुना. १९३० च्या दशकात डॉन गेपन यांनी कॅनडातल्या निपिगॉन नदीवर 'मडलर मिनो' बांधला, तळाशी राहणाऱ्या मोठ्या डोक्याच्या माशाची नक्कल म्हणून. त्याचं डोकं हरणाच्या पोकळ केसांचं, कातरून गोल केलेलं. हरीण आपल्याला वर्ज्य. मग आठवली घोंगडी. घाटावरून येणाऱ्या धनगराकडून कधीतरी घेतलेली कच्ची लोकर माळ्यावर होती, करडी-काळी. ती गोळा बांधून कातरली. हरणाचा केस तरंगतो, लोकर पाणी पिऊन बुडते. तीर्थनमध्ये दगडांखाली बारीक मासे राहतात, मातकट, मिशा असलेले. त्यांच्या सोंगाला बुडणारं डोकंच हवं. इथे नाइलाज फायद्यात गेला.

लोकर कातरायला बायकोची शिवणाची कात्री घेतली होती. याची नोंद नको.

९ फेब्रुवारी, रविवार

आंब्याचा हंगाम. मोहोरावर तुडतुडा, त्यामुळे बागायतदार फवारणी पंप घेऊन दारात उभे. दिवसाला आठ-दहा. मासोळी शून्य.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रात्री जागून बाराचा आकडा पुरा केला. सात क्लाउझर (त्यातले चार जरीचे), पाच लोकरीच्या डोक्याचे. मिठाईच्या खोक्यात थर्माकोल, त्यात टोचून पार्सल रवाना केलं. पोस्टातल्या बाईंनी आत काय विचारलं. "मासे." मग खोका उघडून दाखवावा लागला.

६ मार्च, गुरुवार

भाच्याचा फोन. परवाना काढून १ तारखेपासून चार दिवस फिरला. शून्य. वर दोन मासोळ्या दगडात गेल्या.

मी हिरमुसलो, पण त्याने सांगितलं ते पटण्यासारखं होतं. तिकडे पाणी अजून बर्फाचं. थंडीत ट्राउटचं अंग मंदावलेलं असतं, तो तळाला दगडाआड पडून राहतो आणि तोंडासमोरून गेलं तरच उघडतो. माझ्या मासोळ्या तळापर्यंत पोचल्याच नाहीत. बेसिनचे मणी आतून पोकळ! भाट्याच्या भांगात बुडायला तेवढं वजन पुरतं. पहाडी नदीची ओढ त्यांना वरच उचलून धरते. टाकीतला माझा एक एचपीचा प्रवाह तीर्थनपुढे म्हणजे नळाची धार.

तो म्हणाला, "मामा, जरीचे फारच झगमगतात. पाणी काचेसारखं आहे इथे." आईला हे सांगितलं नाही.

बोलता बोलता मी विचारलं की एवढ्या लांब हा मासा आला कुठून. तर तोही परदेशी. इंग्रजांनी आपल्या गरवण्याच्या हौसेपायी आणला: १९०० च्या सुमारास काश्मीर, १९०९ मध्ये कुलू. तिथला मूळचा तो 'स्नो ट्राउट', आणि तो ट्राउट नव्हेच, रोहू-कटल्याच्या कुळातला. नावाने एक, रूपाने दुसरं, हा प्रकार सगळीकडेच दिसतो.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दुकान बंद, पालखी उद्या आमच्या वाडीत. सगळे रंगात, मी चकासमोर.

वजन वाढवायचं तर शिसं सोपं. पण माझ्याकडे तांब्याची तार किलोने. शिशापेक्षा हलकी खरी, तरी मण्यांपेक्षा किती बरी. २० गेजची तार दांड्याला पुढच्या अर्ध्यात चौदा टर्न, वर वॉर्निश, वाळल्यावर त्यावर केस. तार पुढेच ठेवली म्हणजे थांबल्यावर डोकंच खाली जाईल. केस आधीच्या निम्मे. जर एकच धागा, दोन-तीन मासोळ्या तर बिनजरीच्या. सहा झाल्या: तीन क्लाउझर, तीन लोकरी.

ढोल जवळ आला तेव्हा शेवटचं डोकं बांधत होतो. बायकोने मागून येऊन डोक्यावर गुलाल ओतला. एक लोकरी मासोळी गुलाबी झाली. तशीच पाठवली.

७ एप्रिल, सोमवार

फोटो आला!

ब्राउन ट्राउट, चौदा इंच. पिवळट अंग, त्यावर काळे आणि लाल ठिपके, ठिपक्यांभोवती फिकट कडी. भाच्याच्या ओल्या हातात, अर्धा पाण्यात. जबड्याच्या कोपऱ्यात माझी लोकरी मासोळी. त्याने लगेच सोडून दिला.

फोन लावून सगळं विचारून घेतलं. गुशैनीच्या वरचा डोह, सकाळी साडेआठ. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून सकाळ. प्रवाहाला आडवी फेक, दोरी खालच्या बाजूला वाहू दिली, मासोळी कमान घेत मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात आली. तिथे दोन छोटे झटके आणि थांबा. थांब्यातच घेतला. त्या आठवड्यात एकूण तीन: दोन लोकरीवर, एक बिनजरीच्या क्लाउझरवर. जरीवाल्यांवर एकही नाही. गुलाबीवरही नाही.

आईला फोटो दाखवला. "ह्याचं कालवण कसं होतं?" सोडला म्हटल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

१३ एप्रिल, रविवार

आमचा वाद. भाचा म्हणतो, फरक वजनाने पडला, मासोळी तळाला पोचली. मी म्हणतो, केस कमी झाले म्हणून. एप्रिलमध्ये पाणीही जरा कोमट झालं असणार, तो तिसरा दावेदार. वायंडिंगमध्ये असं कोणी केलं तर मी त्याला झापतो: गेज आणि टर्न एकाच वेळी बदललेस, आता मोटर का चालली ते कसं सांगणार? आणि मी स्वतः वजन, केस आणि जर एका दमात बदलली.

म्हणून पुढची खेप सहाची, सगळ्या बिनजरीच्या, सगळ्या काळ्या-पांढऱ्या क्लाउझर. दोन जड आणि विरळ. दोन जड आणि भरगच्च. दोन हलक्या आणि विरळ. भाच्याने तिन्ही एकाच सकाळी, एकाच डोहात टाकायच्या, आणि कुठली कितव्या फेकीला टाकली ते लिहायचं. तो म्हणाला, "मामा, पाहुणे पैसे देऊन येतात, त्यांच्या हातात वही देऊ?" मी म्हटलं, दे.

पांढरे केस मात्र संपले. चाचांकडे जाऊन आलो. जूनमध्ये बकरी ईद आहे, पांढऱ्या शेपटीचा बोकड आला तर शेपटी आपली, असं सांगून ठेवलंय. त्यांनी दोन मासोळ्या मागितल्यात, बदल्यात. मुलाला जेटीवर गरवायची हौस आहे म्हणाले. त्या दोन आज रात्री.